पिक्चरवर पट्टे, ठिपके, ठोकळे येतायत? नवीन केबल आणायच्या आधी हे करून बघा

आमच्या हॉलमधल्या प्रोजेक्टरवर पाच महिने एक फिकट आडवा पट्टा खालून वर सरकत होता. सावकाश, लिफ्ट चाललीय असा. त्या पाच महिन्यांत मी दोन एचडीएमआय केबली, एक स्टॅबिलायझर आणि एक सोनेरी पिनांची भारीतली पिवळी वायर (जुन्या पद्धतीनं चित्र नेणारी) आणली आणि पट्टा काय हलला नाही, म्हणजे हलत होताच, गेला नाही. शेवटी कारण निघालं ते हॉलमध्ये नव्हतंच, जिन्याखालच्या मीटरपेटीत होतं. घर आमचं सांगलीत गावभागात. २०१९ च्या पुरात (आयर्विन पुलाला धोका पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलेलं) खालचा मजला पाण्यात होता, नंतर वायरिंग नवीन केलं, पण अर्थिंगकडं कुणी बघितलंच नाही.

मी काय इंजिनियर नाही. पण यातून गेलोय, पैसे घालवलेत, म्हणून ज्यांनी नुकताच रिसीव्हर (टीव्हीला चित्र आणि स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा), प्रोजेक्टर, मोठा टीव्ही असं काय काय घेतलंय आणि चित्रात गडबड दिसायला लागलीय त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहितोय. क्रम मोडू नका, कारण सुरुवातीच्या पायऱ्या फुकटातल्या आहेत आणि खर्चाच्या पायऱ्या मागं आहेत.

हाताशी काय लागेल

- साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन-तीनशे रुपयांतला चालतो
- टेस्टर आणि बॅटरी (टीव्हीमागं कायम अंधार असतो)
- चालू असल्याची खात्री असलेली एक छोटी एचडीएमआय केबल, दीड-दोन मीटरची. शेजाऱ्याकडून आणा
- कागदी चिकटपट्टी आणि पेन, वायरींना नावं द्यायला
- मोबाईल. सगळं सुटं करायच्या आधी मागच्या बाजूचे फोटो काढा. मी काढले नव्हते आणि मग पाच स्पीकरच्या दहा वायरी कुठल्या कुठं ते शोधण्यात एक अख्खा रविवार गेला
- घराच्या वायरिंगची माहिती असलेला वायरमन, पायरी ४ साठी. टीव्ही लावून देणारा मुलगा नव्हे, वायरमन

१. आधी नुसतं बघा, हात लावू नका

चित्रात काय होतंय ते नीट बघितलं तर अर्धं निदान तिथंच होतं. सगळे लोक 'क्लियर दिसत नाही' एवढंच सांगतात, त्यातनं काय कळत नाही.

एकच जाड पट्टा हळूहळू वर किंवा खाली सरकतोय: हा ५० हर्ट्झचा पट्टा, म्हणजे घरातली वीज चित्रात शिरलीय. हा फक्त जुन्या पद्धतीच्या जोडणीत दिसतो, पिवळी पिन, लाल-हिरवी-निळी पिन किंवा कॉम्प्युटरची व्हीजीए. आपल्याकडं टीव्हीचं जुनं चित्र सेकंदाला ५० वेळा आखलं जातं आणि वीजही ५० हर्ट्झचीच, पण दोन्ही अगदी तंतोतंत जुळत नाहीत. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या मधे ठेवायची असते, त्यात ती मागंपुढं होत राहते आणि तो जो जरासा फरक पडतो तोच पट्टा सरकताना दिसतो. कारण बहुतेक वेळा अर्थिंग.

दोन पट्टे एकावेळी: ही १०० हर्ट्झची भानगड, म्हणजे कुठल्यातरी डब्याचा पॉवर सप्लाय किंवा अडॅप्टर म्हातारा झालाय, आतला कपॅसिटर गेलाय. आधी अडॅप्टर बदलून बघा.

पांढरे ठिपके चमकतायत, किंवा चित्र सेकंदभर काळं होऊन परत येतंय: एचडीएमआय. पायरी ५ ला जा.

चौकोनी ठोकळे, चित्र गोठतंय, आवाज तुटतोय: डिश किंवा केबलचा सिग्नल. पायरी ६.

बारीक तिरकी जाळी: बाहेरची रेडिओ लहर किंवा घरातलं काहीतरी सिग्नलच्या वायरीत शिरतंय, पायरी ७.

एक उभी रेघ कायम त्याच जागी, कुठलंही चॅनल लावा, मेनू लावा, तरी तिथंच: हे इंटरफेरन्स नाही, पॅनल गेलंय. पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, वॉरंटीचं कार्ड शोधा.

आणि अजून एक. कधी होतं ते वहीत लिहा. आमच्याकडं हे आईनं पकडलं. ती म्हणाली, "रविवारी सकाळी तुझ्या बाबांचं पाणी तापायला लावलं की तो पट्टा जाड होतोय बघ." मी हसलो होतो. पुढं कळेल का हसायला नको होतं ते.

२. टीव्ही एकटा करा

सगळं बंद, सगळ्या पिना बोर्डातून काढा, मग टीव्हीच्या किंवा प्रोजेक्टरच्या मागच्या सगळ्या वायरी काढा आणि फक्त तेवढंच चालू करा. त्याचा स्वतःचा मेनू उघडा. मेनू स्वच्छ दिसतोय? मग टीव्ही चांगला आहे, दोष बाहेरून येतोय. मेनूवरच पट्टे असतील तर टीव्ही नाहीतर त्याला मिळणारी लाईट.

आता एक एक वस्तू जोडत जायचं. आधी फक्त सेटटॉप बॉक्स थेट टीव्हीला. बघा पाच मिनिटं. मग मधे रिसीव्हर. परत बघा. मग स्टिक (टीव्हीत खुपसून नेटवरचं बघायची), प्लेयर, लॅपटॉप. मिरजेत सतारीची जवारी लावताना कारागीर घोडी जरा घासतो, तार छेडून ऐकतो, परत जरा घासतो, तसं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुठल्या गोष्टीनं फरक पडला ते कळत नाही. मी केबल आणि स्टॅबिलायझर एकाच दिवशी लावले, त्या दिवशी योगायोगानं पट्टा फिका होता, आणि स्टॅबिलायझरनं काम केलं असं समजून मी पंधरा दिवस सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

३. केबलवाल्याची वायर काढून बघा

सरकणारा पट्टा असेल तर ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा सगळ्यात मोलाची. सेटटॉप बॉक्सला मागून जी गोल काळी किंवा पांढरी वायर येते, खांबावरून किंवा गच्चीवरून, ती स्क्रूसारखी फिरवून सोडवा. सोडवायच्या आधी बॉक्स, टीव्ही, रिसीव्हर सगळ्यांच्या पिना बोर्डातून काढा, कारण त्या वायरीच्या बाहेरच्या जाळीला हात लागला आणि दुसरा हात रिसीव्हरच्या पत्र्यावर असला तर झिणझिण्या येतात, कधीकधी चांगलाच झटका बसतो.

वायर सुटली की परत सगळं चालू करा. चॅनल दिसणार नाही पण बॉक्सचा मेनू दिसेल, आणि पट्टा असला तर तो मेनूवरही दिसतो. पट्टा गेला? सापडलं. याला ग्राउंड लूप म्हणतात. तुमच्या घराचं अर्थिंग एका ठिकाणी आणि केबलच्या जाळीचं अर्थिंग लांब कुठल्यातरी खांबावर, दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये फरक, आणि तो फरक भागवायला करंट तुमच्या पिवळ्या वायरीच्या जाळीतून वाहतो. वायर कितीही भारीतली आणा, करंट वाहणारच.

उपाय दोन. एक, केबलच्या वायरीत बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो, तो सिग्नल जाऊ देतो आणि हा करंट अडवतो. पण सापळा ऐका: हा डिशच्या वायरीत लावायचा नाही. डिशच्या टोकावरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणारा छोटा डबा) बॉक्स त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, साधा आयसोलेटर ते अडवतो आणि सिग्नलच जातो. माझ्या एका मित्रानं असंच लावून मग डिशवाल्याला बोलावलं होतं, व्हिजिटचे पैसे गेले ते गेलेच. दुसरा उपाय, बॉक्स एचडी असेल तर पिवळी पिन सोडून एचडीएमआय वापरा. डिजिटल सिग्नलमध्ये असा पट्टा उमटत नाही. मात्र मूळ करंट तसाच राहतो, फक्त दिसायचा बंद होतो, म्हणून पुढची पायरी कुणीही चुकवू नका.

४. अर्थिंग मोजा

इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण हा चित्राचा नाही जिवाचा विषय आहे.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर, सगळ्यात मोठ्या रेंजवर. काळी वायर 'कॉम' लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात. १० अँपिअर लिहिलेल्या भोकात लाल वायर ठेवून बोर्डात घातली तर सरळ शॉर्ट होतो, मोठा आवाज, वर मीटर जळतो, तेव्हा दोनदा बघा. हात कोरडे, पायात चप्पल. धाडस नसेल तर वायरमनला करू द्या, यात लाज काही नाही.

ज्या बोर्डावर होम थिएटर आहे तिथल्या थ्री पिनमध्ये तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थ, जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ, एक-दोन व्होल्ट, फार तर तीन. आमच्याकडं काय आलं माहितीय? फेज ते न्यूट्रल २३२, फेज ते अर्थ १३८, न्यूट्रल ते अर्थ ९६. म्हणजे अर्थची वायर कशालाच जोडलेली नव्हती, हवेत लोंबकळत होती. मीटरपेटीत बघितलं तर जमिनीत जाणारी पट्टी पुराच्या गाळात गंजून तुटलेली.

आता गीझरचं ऐका. त्याची कॉईल आतून खराब झालेली, त्यातून गळणारा करंट अर्थच्या वायरीवर यायचा, अर्थ तुटलेलं म्हणून जमिनीत जायचा नाही, मग घरभर जिथं जिथं थ्री पिन आहे तिथं सगळीकडं पसरायचा. फ्रीजचा पत्रा, मिक्सर, प्रोजेक्टर. त्याला जमीन मिळायची ती एकाच वाटेनं, पिवळी वायर आणि केबलवाल्याची जाळी. पट्टा जाड व्हायचा तो यामुळं. बाबा पाच महिने त्या गीझरच्या नळाखाली अंघोळ करत होते. वायरमननं हे सांगितलं तेव्हा मी तिथंच जिन्यावर बसलो.

इथले सापळे:

थ्री पिनची वरची जाड पिन मोडून टाक, पट्टा जातो, असं कुणीतरी सांगेलच. खरं आहे, जातो. पण अर्थिंगही जातं. करू नका. टू पिन कन्व्हर्टर लावणं म्हणजे तेच.

काही वायरमन अर्थिंग नसलं की सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तारेनं जोडून देतात आणि म्हणतात झालं काम. मीटरवर माप एकदम छान येतं, न्यूट्रल ते अर्थ शून्य! आणि ज्या दिवशी कुठंतरी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी घरातल्या प्रत्येक पत्र्यावर २३० व्होल्ट. म्हणून अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका, सॉकेट उघडून दाखवायला सांगा.

फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघायची जुनी पद्धत आहे, ती स्वतः करू नका. अर्थ तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून घरभर फेज जाते.

आम्ही नवीन खड्डा केला, पाईप, मीठ, कोळसा, आणि तिथून जाड तार थेट मेन बोर्डापर्यंत. सोबत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईट पाडणारा खटका) बसवली. गीझरची कॉईल बदलली. मग न्यूट्रल ते अर्थ १.४ आलं. पट्टा गेला का? नाही हो, फिका झाला. उरलेला केबलचा आयसोलेटर लावल्यावर गेला. दोन कारणं एकावर एक बसलेली होती, म्हणून तर पाच महिने लागले.

जाता जाता: टीव्ही, रिसीव्हर, सब (घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर), प्रोजेक्टर सगळ्यांना लाईट एकाच बोर्डावरून द्या, एका चांगल्या एक्स्टेन्शनवरून. प्रोजेक्टर त्या भिंतीला आणि रिसीव्हर या भिंतीला असला की लूप व्हायला आमंत्रणच. सबमधून घूं असा आवाज येत असेल तर त्याचंही कारण पुष्कळदा हेच.

५. एचडीएमआय

डिजिटल आहे म्हणजे आलं तर पूर्ण नाहीतर नाही, असं लोक म्हणतात. मधली एक अवस्था असते, ठिपक्यांची.

सोपी परीक्षा अशी की प्लेयरच्या सेटिंगमध्ये जाऊन ४के चं १०८०पी करा. १०८०पी ला सेकंदाला साडेचार गिगाबिटच्या आसपास लागतात, ४के ६० ला १८ पर्यंत. १०८०पी वर ठिपके गेले तर केबलला तेवढं वजन उचलत नाही, एवढा साधा अर्थ. मग ती शेजाऱ्याची छोटी केबल लावून ४के परत बघा. छोटीवर चालतंय, लांबवर नाही, संपला विषय.

तांब्याची साधी केबल चार-पाच मीटरपर्यंत ४के ला ठीक. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर लागते तिथं फायबरवाली घ्या. ती एकाच दिशेनं चालते. एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, आणि भिंतीतल्या पाईपमधून उलटी ओढून घेतली तर परत काढून परत ओढायची. पाईपमध्ये घालायच्या आधी जमिनीवर पसरून चालवून बघा. घेताना पॅकेटवर 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे १८ गिगाबिट, 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८. 'फोरके रेडी' वगैरे छापलेलं असतं त्याला काय अर्थ नाही.

चित्र काळं होऊन परत येतंय, ठिपके अजिबात नाहीत, असं असेल तर बहुतेक वेळा कॉपी-संरक्षणाची बोलणी फिसकटतायत. ४के ला साखळीतल्या प्रत्येक डब्याला एचडीसीपी २.२ (हेच ते कॉपी-संरक्षण) लागतं, मधे जुना रिसीव्हर किंवा स्वस्तातला स्प्लिटर असला की अडतं. सगळं बंद करून पिना काढा, पाच मिनिटं थांबा, मग आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी प्लेयर असं चालू करा. जुना रिसीव्हर बदलायला पैसे नसतील तर प्लेयर थेट टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीतून ऑप्टिकल वायरीनं रिसीव्हरला न्या. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, करंट जात नाही, म्हणजे ग्राउंड लूपही तिथं तुटतो. पिवळी पिन असलेल्यांना नाही पण बाकीच्यांना हा एका दगडात दोन पक्ष्यांचा उपाय आहे.

स्टिक वापरत असाल तर तिची लाईट टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका. टीव्हीचं यूएसबी पुष्कळदा अर्धा अँपिअरच देतं, स्टिक मधेच रिस्टार्ट होते आणि आपण केबलला शिव्या देतो.

६. ठोकळे आणि गोठणं

डिशचं जोरदार पावसात जाणं हे बिघाड नाही, त्या लहरीच पावसात विरतात, पाऊस थांबला की येतं. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वर-पाचगणीकडं राहत असाल तर पावसाळ्यात याची सवयच ठेवा. पण पाऊस थांबून तास झाला तरी येत नसेल तर एलएनबीपाशी पिनेत पाणी गेलंय. पिन सोडवा, आतली तार हिरवी झालेली असेल तर तेवढी कापून नवीन पिन. वायर वरून थेट पिनेत उतरवू नका, खाली एक झोळ देऊन मग वर घ्या म्हणजे पाणी झोळावरून गळतं.

फुकटची दूरदर्शन डिश असेल तर तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, सांगलीतून बघितलं तर डिशचं तोंड साधारण आग्नेयेला. त्या दिशेला शेजारचा शेवगा वाढलाय का बघा, शेवगा एका वर्षात कुठल्या कुठं जातो.

केबलवाल्यांचे ठोकळे असतील तर घरात किती ठिकाणी वायर फाटे फोडून नेलीय ते मोजा. प्रत्येक फाट्याला सिग्नल अर्धा होतो. वापरत नसलेल्या खोलीचा फाटा काढून टाका.

७. खटके, फ्रीज, इन्व्हर्टर

पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्तातले एलईडी बल्ब, शिलाई मशीन, बोर्डातला ठिणगी उडणारा सैल खटका. एक एक बंद करून बघा. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू होताना टीव्ही सेकंदभर काळा होतो असंही होतं, फ्रीजची लाईन वेगळी करा. आणि हे ऐकून हसाल, गॅसवर वरखाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीवरून उठताना स्क्रीन काळी होऊ शकते, खुर्चीत साठलेली स्थिर वीज सुटते ती साध्या केबलला पुरते.

फक्त लाईट गेल्यावर त्रास होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा. लाईट जायची वाट बघत बसू नका, मेन खटका पाडा आणि इन्व्हर्टरवर पाच मिनिटं चालवा. त्रास होत असेल तर साईन वेव्हचा घेईपर्यंत होम थिएटर त्या लाईनवर ठेवू नका.

अडॅप्टरच्या वायरीवर काळा फेराइटचा मणी बसवला की तिरकी जाळी बऱ्यापैकी कमी होते, स्वस्त आहे, पण पायरी ४ च्या जागी हा लावू नका.

वायरमनला किंवा दुकानदाराला बोलवाल तेव्हा

'क्लियर दिसत नाही' सांगू नका. सांगा: एक पट्टा की दोन, कुठल्या इनपुटवर, केबलची वायर काढली की जातो का, न्यूट्रल ते अर्थ किती व्होल्ट. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण ते आले की त्या दिवशी नेमका पट्टा येत नाही, हा नियमच आहे.

आणि अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, माप वाढतं. मार्चपासून आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी. आमच्याकडं ते काम आईनं घेतलंय, तुळशीला घालून उरलेलं ती तिथं ओतते आणि वर येऊन मला विचारते, किती आलं रे आज मीटरवर.